निवड आणि भिंत : जातबद्ध समाजातील कल्पितरम्य प्रेमकादंबरीचा आस्वाद

१. प्रस्तावना

उच्चनीचतेच्या कठोर श्रेणींत विभागलेला समाज आणि त्या श्रेणी ओलांडू पाहणारे प्रेम हे कथावाङ्मयातील फार जुने आशयसूत्र आहे. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत किशोर व तरुण वाचकांसाठी लिहिल्या गेलेल्या कल्पितरम्य कादंबऱ्यांत या सूत्राने पुन्हा जोर धरला. किएरा कॅस यांची ‘द सिलेक्शन’ (२०१२) आणि व्हिक्टोरिया अ‍ॅव्हेयार्ड यांची ‘रेड क्वीन’ (२०१५) ही त्या प्रवाहातील दोन बहुपरिचित उदाहरणे होत. यांपैकी पहिल्या कादंबरीचे भारतीय अभ्यासकाच्या दृष्टीने एक खास वैशिष्ट्य आहे. तिच्यातील सामाजिक श्रेणींना लेखिकेने ‘कास्ट’ हेच नाव दिले आहे. अमेरिकी वाचकाला हा शब्द दूरच्या, काहीशा अद्भुत जगाची चाहूल देतो. भारतीय वाचकाला तो स्वतःच्या घराची आठवण करून देतो.

यातून आस्वादाचा एक प्रश्न उभा राहतो. ज्या समाजात जात ही जगण्याची अट आहे, त्या समाजातील वाचकाने जातीच्या पायावर उभारलेल्या रंजक प्रेमकथेत रमावे काय, आणि रमल्यास तो नेमके कशात रमतो? प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की अशा कादंबरीच्या आस्वादात दोन परस्परविरोधी इच्छा एकाच वेळी तृप्त होत असतात. पहिली इच्छा भिंतीपलीकडे आपली निवड व्हावी ही, आणि दुसरी ती भिंतच पडावी ही. या दोन इच्छांचे नाते कादंबरी कसे हाताळते, यावर तिचे मूल्य अवलंबून असते. हा ताण ओळखून घेतलेला आनंद अधिक सकस असतो. त्यासाठी आनंदाचा त्याग करावा लागत नाही.

२. इलेआचे जग

‘द सिलेक्शन’, ‘द एलिट’ (२०१३) आणि ‘द वन’ (२०१४) या तीन खंडांचे कथानक भविष्यकाळातील इलेआ नावाच्या राज्यात घडते. युद्धांनंतर अमेरिकेच्या भूमीवर हे राज्य उभे राहिले असून ग्रेगरी इलेआ हा त्याचा संस्थापक मानला जातो. प्रजा आठ क्रमांकित जातींत विभागलेली आहे. पहिल्या जातीत राजघराणे. दुसरीत अभिनेते, खेळाडू, तसेच सैनिक व रक्षक. तिसरीत शिक्षक, वैद्य, शास्त्रज्ञ, लेखक. चौथीत शेतमालक, जवाहिरे, व्यावसायिक. पाचवीत गायक, वादक, चित्रकार, नर्तक. सहावीत घरकाम करणारे, शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया, कारकून. सातवीत अंगमेहनतीचे मजूर. आणि आठवीत बेघर, अपंग, व्यसनाधीन व घरातून पळालेली माणसे. ज्याचा त्याचा व्यवसाय जातीने ठरतो. लग्नानंतर स्त्री पतीच्या जातीत जाते. जातीबाहेर विवाह करू इच्छिणाऱ्यांना अर्ज भरून ठरावीक काळ थांबावे लागते. विशेष विवाह कायदा, १९५४ यातील तीस दिवसांच्या नोटिशीची तरतूद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा तपशील कल्पित वाटणार नाही.

नायिका अमेरिका सिंगर पाचव्या जातीची आहे. घरात संगीत आहे आणि पोटभर अन्न नाही. तिचे प्रेम सहाव्या जातीतील अ‍ॅस्पेन लेजरवर आहे. ती चोरून त्याला जेवू घालते आणि नेमका त्याच जेवणाने त्याचा स्वाभिमान दुखावतो. याच सुमारास राजपुत्र मॅक्सनसाठी वधू निवडण्याचा सोहळा जाहीर होतो. पस्तीस प्रांतांतून प्रत्येकी एक अशा पस्तीस मुली राजवाड्यात येतात, त्यांच्या हालचाली प्रजेला दूरचित्रवाणीवर दिसतात आणि मुलगी स्पर्धेत असेपर्यंत तिच्या कुटुंबाला मोबदला मिळतो. अमेरिका काहीशा अनिच्छेनेच जाते. राजपुत्राशी तिचा पहिला करारही प्रेमाचा नाही, मैत्रीचा आहे. राजवाड्यातील जेवणासाठी आपल्याला राहायचे आहे, असे ती त्याला मोकळेपणी सांगते.

या कथनाची मोहिनी नाकारण्याचे कारण नाही. भरजरी पोशाख, स्पर्धेची उत्कंठा, दोन प्रियकरांमधील दोलायमानता, वाड्यावर होणारे बंडखोरांचे हल्ले, हे सारे रंजनाचे परिचित घटक येथे आहेत. परंतु त्या सर्वांना धार आणणारा घटक भूक हा आहे. पक्वान्नाचे वर्णन येते तेव्हा ते उपाशी राहिलेल्या मुलीच्या जिभेने येते. वैभवाचे वर्णन आणि वंचिताचा दृष्टिकोन यांचा हा मेळ वाचकाला धरून ठेवतो, आणि पुढे होणाऱ्या राजकीय वळणाची तयारीही त्यातच होत असते.

३. शब्दाचा प्रवास आणि अनुवादाची अडचण

‘कास्ट’ या शब्दाचा इतिहास तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला उद्बोधक आहे. वंश वा कूळ या अर्थाचा ‘कास्ता’ हा शब्द सोळाव्या शतकात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आलेल्या पोर्तुगीजांनी येथील जातींसाठी वापरला. तेथून तो इतर युरोपीय भाषांत पसरला. आल्डस हक्सली यांनी ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२) मध्ये प्रयोगशाळेत घडवलेल्या मानवी श्रेणींसाठी तो योजला, आणि कॅस यांच्या कादंबरीत तो क्रमांकांसह येतो. गोवा आणि मलबार येथील व्यवहारातून गेलेला शब्द अशा रीतीने कल्पित भविष्याचा शब्द होऊन आपल्याकडे परत आला आहे.

परत येताना त्याने बरेच काही वाटेत टाकले आहे. इलेआत व्यवसायबंदी कडक आहे, बेटीबंदी ढिली असली तरी अस्तित्वात आहे. मात्र स्पर्शबंदी व रोटीबंदी यांचा मागमूस नाही. शुद्धाशुद्धतेची कल्पना तेथे नाही. सहाव्या जातीच्या दासी खालच्या जातीच्या मुलीला स्पर्श करतात तशाच वरच्या जातीच्या मुलीलाही करतात, राजपुत्र पाचव्या जातीच्या मुलीसोबत जेवतो आणि कोणी विटाळत नाही. जातीला धर्माचा आधार नाही. ती राज्यसंस्थेने कागदावर नोंदलेली श्रेणी आहे. म्हणून इलेआतील प्रेमापुढचा अडसर मुख्यतः दारिद्र्याचा व कायद्याचा आहे. अपवित्रतेचा आणि घराण्याच्या तथाकथित अब्रूचा अडसर तेथे जवळजवळ नाही. कथेला लाभलेला हलकेपणा या वगळण्यातून आला आहे, हे ध्यानात ठेवावयास हवे.

अनुवादाचा विचार करताना ही वगळणूक अधिक स्पष्ट होते. नायिका स्वतःचा उल्लेख केवळ एका अंकाने करते. मराठीत त्यासाठी ‘पंचम’ असा सुटसुटीत शब्द सुचतो. पण चातुर्वर्ण्याबाहेरचा, अस्पृश्य मानला गेलेला वर्ग हा त्या शब्दाचा भारतीय इतिहास आहे. इंग्रजीतील निर्विकार अंक मराठीत येताच जखमेची खूण होतो. याउलट ‘पाचव्या क्रमांकाची’ असे भाषांतर केल्यास ती एखाद्या रांगेत उभी असल्यासारखी वाटते. शिवाय गाणे-बजावणे हा खालच्या जातीचा व्यवसाय ही कल्पना अमेरिकी वाचकाला विलक्षण वाटली, तरी कोल्हाटी, डोंबारी, गोंधळी यांच्या परंपरा जवळून पाहिलेल्या मराठी वाचकाला ती ओळखीची आहे. ‘सिंगर’ हे आडनावही सुतार, लोहार, कुंभार यांच्या पंक्तीला आपोआप जाऊन बसते. लेखिकेने जे कल्पनेने रचले, त्याचा काही भाग आपल्या वाचकापाशी स्मृतीच्या रूपात आधीपासूनच असतो.

४. प्रेमकथा आणि बेटीबंदी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेविषयीच्या निबंधात अंतर्विवाह, म्हणजे गटातल्या गटातच विवाह करण्याचे बंधन, हे जातीचे मर्म असल्याचे दाखवले. त्या निबंधाचा मुख्य भाग स्त्रीच्या विवाहावरील नियंत्रणाच्या विवेचनाने व्यापलेला आहे. ही दृष्टी स्वीकारली, तर जातबद्ध समाजातील प्रेमकथा हा दुय्यम विषय राहत नाही. दोन व्यक्तींच्या निवडीमुळे व्यवस्थेच्या नेमक्या वर्मावर बोट ठेवले जाते. जातीविषयी गंभीर काही सांगावयाचे तर प्रेमकथेची फोडणी कशाला, हा आक्षेप त्यामुळे टिकत नाही.

पण कोणते प्रेम, हा पुढचा प्रश्न आहे. धर्मशास्त्राच्या परिभाषेत वरच्या वर्णाचा पुरुष व खालच्या वर्णाची स्त्री यांचा विवाह अनुलोम, आणि याच्या उलट तो प्रतिलोम. अनुलोम विवाह कमी प्रतीचा का होईना, पण सहन केला गेला. प्रतिलोम विवाह मात्र व्यवस्थेला घातक मानला गेला. या जोडीने ‘द सिलेक्शन’ वाचली असता तिची रचना उलगडते. मॅक्सन व अमेरिका यांचे नाते अनुलोम आहे, अ‍ॅस्पेन व अमेरिका यांचे प्रतिलोम. पतीच्या जातीत जाण्याचा नियम असल्याने एका निवडीने नायिका शिखरावर जाणार आणि दुसऱ्या निवडीने एक पायरी खाली उतरणार. कादंबरी दोन्ही शक्यता दीर्घकाळ जिवंत ठेवते. अखेरीस निवडते ती अनुलोम.

याहून सूचक गोष्ट अशी, की खाली उतरण्याचा धोका ती हळूहळू निकालात काढते. निवड होताच अमेरिका तिसऱ्या जातीत जाते. अ‍ॅस्पेनला सैन्यात घेतले जाते आणि सैनिक म्हणून तो दुसऱ्या जातीचा होतो. पुढे त्याचा विवाह राजवाड्यातील दासी ल्यूसी हिच्याशी होतो, म्हणजे तोही अनुलोमच. प्रत्येक सुखान्त कोणाला तरी वर चढवूनच साधला जातो. प्रेमाखातर खाली उतरण्याची खरी किंमत मोजतात ती दोन दुय्यम पात्रे, मार्ली व तिचा प्रियकर कार्टर. राजपुत्रासाठी निवडलेल्या मुलीने रक्षकावर प्रेम केले म्हणून दोघांना सर्वांसमक्ष वेताने फोडून काढले जाते व आठव्या जातीत ढकलले जाते. ‘द एलिट’मधील हा प्रसंग संपूर्ण मालिकेतील सर्वांत अस्वस्थ करणारा आहे, कारण तोपर्यंत सणासारखा भासणारा सोहळा मुळात स्त्रीवरील मालकीहक्काचा सोहळा आहे हे तेथे उघड होते. वेताचे फटके ऐकणारा वाचक पुढच्या मेजवानीत पूर्वीइतक्या निःशंक मनाने बसू शकत नाही.

५. दोन मूळकथा, दोन इच्छा

‘द सिलेक्शन’ची कल्पना सुचताना आपल्यापुढे सिंड्रेला आणि बायबलमधील एस्तेर या दोन कथा होत्या, असे कॅस यांनी सांगितले आहे. दोन्ही कथांत सामान्य मुलगी राजाच्या घरात जाते. पण त्यांची दिशा निराळी आहे. सिंड्रेला वाड्यात पोहोचली की कथा संपते. तिच्या दुःखाला कारण झालेली घरातली व्यवस्था इतर मुलींसाठी तशीच राहते. एस्तेर राणी होते तेथे तिची खरी कथा सुरू होते. मिळालेल्या स्थानाचा उपयोग ती स्वतःच्या लोकांना संहारापासून वाचवण्यासाठी करते आणि त्यासाठी जिवावर उदार होते.

प्रस्तावनेत म्हटलेल्या दोन इच्छांची ही दोन रूपे होत. पहिल्या दोन खंडांच्या बऱ्याच भागावर सिंड्रेलेचे राज्य आहे. पोशाख, केशभूषा, चुंबने, मत्सर यांत वाचक सुखावतो, आणि आपली निवड व्हावी या प्रत्येक मनात दडलेल्या इच्छेला तेथे वाट मिळते. तरीही कथनात एस्तेरची चाहूल लागत राहते. इलेआत इतिहास शिकवला जात नाही. नायिकेच्या वडिलांनी इतिहासाचे एक पुस्तक लपवून ठेवले आहे. पुढे संस्थापकाची रोजनिशी तिच्या हाती येते आणि जातींची रचना ही एका माणसाच्या महत्त्वाकांक्षेची निर्मिती असल्याचे तिला कळते. स्वतःच्या प्रकल्पाचे सादरीकरण करताना ती दूरचित्रवाणीवर साऱ्या प्रजेसमोर जातिनिर्मूलनाचा प्रस्ताव मांडते आणि राजाचा रोष ओढवून घेते. इतिहास पुसला गेला की जात निसर्गासारखी वाटू लागते व इतिहास हाती आला की ती माणसाने केलेली वस्तू ठरते, हे सूत्र किशोरांसाठी लिहिलेल्या कादंबरीने घटनांतून पोहोचवले आहे. ही तिची लक्षणीय कामगिरी मानावी लागेल.

‘रेड क्वीन’मध्ये हाच ताण अधिक कठोर रूपात दिसतो. तेथे समाज रक्ताच्या रंगावरून दुभंगला आहे. रुपेरी रक्ताच्या लोकांपाशी अलौकिक शक्ती आहेत व सत्ता त्यांचीच आहे. लाल रक्ताचे लोक राबतात आणि युद्धात मरतात. लाल रक्ताची मेअर बॅरो हिच्या ठायी वीज वश करणारी शक्ती प्रकट होते. व्यवस्थेचा पायाच खोटा ठरू नये म्हणून राजदरबार तिला हरवलेली रुपेरी सरदारकन्या म्हणून जाहीर करतो व धाकट्या राजपुत्राशी तिचा वाङ्निश्चय करतो. येथे निवड ही बक्षीस न राहता तोंड बंद करण्याचा उपाय होते, आणि प्रेमाचा शेवट विश्वासघातात होतो.

६. संस्कृत नाट्यपरंपरेचा आरसा

हे आशयसूत्र आपल्या परंपरेला नवे नाही. ‘अभिज्ञानशाकुन्तला’च्या पहिल्या अंकात दुष्यन्ताला शकुंतला दिसते तेव्हा ती आपल्या वर्णास विवाहयोग्य असेल का, ही शंका त्याच्या मनात येते. आपले मन तिच्याकडे ओढले जाते त्याअर्थी ती क्षत्रियास योग्यच असणार, असे समाधान तो करून घेतो आणि लवकरच ती विश्वामित्राची कन्या असल्याचे कळते. नाटकाने भिंत हलवलेली नाही. नायिका मुळातच भिंतीच्या अलीकडची असल्याचे दाखवले आहे. गुप्त कुलाची ही युक्ती जगभरच्या अद्भुतकथांत सापडते. ‘रेड क्वीन’चे वेगळेपण असे, की तेथे हीच युक्ती राज्यसंस्थेने रचलेले असत्य म्हणून येते, आणि नायिका खरोखर लाल रक्ताचीच आहे हे वाचकाला ठाऊक असते. जुन्या अद्भुतकथेची ही सरळसरळ उलटापालट आहे.

शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ याहून जवळचे उदाहरण आहे, कारण त्यात प्रेमकथा व सत्तापालट एकमेकांत गुंफलेले आहेत. दरिद्री ब्राह्मण चारुदत्त आणि गणिका वसन्तसेना यांच्या प्रेमाबरोबर पालक राजाविरुद्ध गवळ्याच्या घरच्या आर्यकाचे बंड घडत असते. आर्यक राजा होतो व वसन्तसेनेला ‘वधू’ हा प्रतिष्ठेचा शब्द बहाल केला जातो. स्थावरक या दासाला दास्यातून मुक्त केले जाते. आणि ज्या दोन चांडाळांवर चारुदत्ताला सुळावर चढवण्याचे काम होते, त्यांना सर्व चांडाळांचे प्रमुख नेमले जाते. समारोपाच्या आनंदात सहज नजरेआड होणारा हा शेवटचा तपशील फार बोलका आहे. गणिकेला पद मिळाले, दासाला मुक्ती मिळाली. चांडाळ मात्र चांडाळांचाच प्रमुख राहिला. नव्या राज्याची उदारता कोठे थांबते, हे नाटकाने आपल्याही नकळत नोंदवून ठेवले आहे. इलेआच्या आठव्या जातीबाबतही हेच म्हणता येईल. तिन्ही खंडांत निवेदन पाचव्या जातीत वाढलेल्या मुलीचे आहे; जन्माने आठव्या जातीची व्यक्ती या निवेदनाच्या केंद्रस्थानी कधी येत नाही. तळ हा तेथे प्रामुख्याने शिक्षेची धमकी म्हणून अस्तित्वात असतो.

७. आनंदाचा प्रश्न

मराठी कादंबरीच्या समीक्षेत अद्भुतरम्यतेकडे पाहण्याची एक रूढ पद्धत आहे. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाला’पासून (१८६१) सुरू झालेली अद्भुतरम्य कादंबरीची धारा बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’च्या (१८५७) वास्तवाभिमुख धारेपेक्षा गौण ठरवली गेली. वि. का. राजवाडे यांनी १९०२ साली ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुत व वास्तव यांचा विचार केला. पुढे भालचंद्र नेमाडे यांनी ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ व ‘मोचनगड’ (१८७१) या तीन प्रवृत्ती कल्पून ‘मुक्तामाला’ प्रवृत्तीचा रंजनाशी असलेला संबंध अधोरेखित केला. हे वर्गीकरण उपयुक्त आहे. मात्र रंजनाच्या पोटात सामाजिक इच्छा कोणत्या रूपात वावरतात, ही चौकशी त्यामुळे मागे पडली. वास्तववादी कादंबरी समाज जसा आहे तसा दाखवते. कल्पितरम्य कादंबरी वाचक काय इच्छितो आणि किती इच्छिण्याचे धाडस करतो, हे दाखवते. दोन्ही पुरावे सारखेच महत्त्वाचे आहेत.

अभिनवगुप्ताने रसास्वादातील जी विघ्ने सांगितली, त्यांत स्वतःच्या वा परक्याच्या विशिष्ट देशकालात मन गुंतून पडणे आणि स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे यांचा समावेश आहे. कल्पित राज्याची योजना या विघ्नांवरचा उपाय म्हणून पाहता येते. इलेआ कोणाचेच गाव नसल्याने तेथील जात सर्वांना पाहता येते. आपल्या गावातील जातीविषयी बोलताना ज्याचे ओठ मिटतात, त्यालाही तेथे अन्याय अन्याय म्हणून दिसतो. परंतु या साधारणीकरणाची मर्यादा दलित साहित्यविचाराने दाखवून दिली आहे. शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) या ग्रंथात आनंद हेच साहित्याचे अंतिम मूल्य मानण्यास हरकत घेतली. वेदनेच्या साहित्याला आनंदाची फूटपट्टी लावणे त्यांना अप्रस्तुत वाटते. ही हरकत आपल्या विषयालाही लागू पडते. जातीची झळ ज्याला लागलेली नाही, त्या वाचकाला इलेआतील जात ही निव्वळ उत्कंठावर्धक अडथळा म्हणून उपभोगता येते. ज्याला ती लागली आहे, त्याचा आनंद एका ठिकाणी अडखळतो. ते अडखळणे रसभंग मानून दूर सारू नये. कादंबरीने काय वगळले, हे तेथेच कळते.

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (२०१६) हा चित्रपट या अडखळण्याचेच कलेत रूपांतर करतो. त्याचा पूर्वार्ध प्रेमकथेचा सारा उल्हास प्रेक्षकाला मुक्तहस्ते देतो. आर्ची वरच्या जातीची, परश्या खालच्या जातीचा, नाते प्रतिलोम. शेवट दोघांच्या हत्येत होतो. पूर्वार्धातील आनंद खोटा नव्हता. तो खरा होता म्हणूनच शेवटची शांतता असह्य होते. ‘द सिलेक्शन’ जी वाट दुरुस्त करीत करीत टाळते, त्या वाटेच्या टोकाशी काय असते, हे ‘सैराट’ दाखवतो. दोन्ही कलाकृती शेजारी ठेवल्या, की सुखान्ताची किंमत समजते.

८. निर्मूलनानंतर

‘द वन’च्या अखेरीस राजा मारला जातो, मॅक्सन गादीवर येतो आणि जाती टप्प्याटप्प्याने नाहीशा करण्याचा मार्ग मोकळा होतो. मालिका येथे थांबती, तर ती सिंड्रेला व एस्तेर यांचा सोयीस्कर समेट ठरली असती. पण चौथ्या खंडात, ‘द एअर’मध्ये (२०१५), पुढची पिढी येते. जाती कायद्याने गेल्या आहेत. तरी पूर्वीच्या जातीवरून माणसांना कमी लेखणे सुरूच आहे आणि असंतोष वाढला आहे. लोकांचे लक्ष दुसरीकडे वळावे म्हणून राजकन्या ईडलिन हिच्यासाठी पुन्हा निवडीचा सोहळा योजला जातो, या वेळी पस्तीस तरुणांचा. ज्या सोहळ्याने आईला भिंत ओलांडू दिली, तोच सोहळा आता भिंतीच्या अवशेषांवर पडदा टाकण्यासाठी वापरला जातो. रंजन हे सत्तेचे साधन कसे होते, याची कबुली एका रंजनप्रधान मालिकेने द्यावी, हे विशेष होय. ‘द क्राउन’मध्ये (२०१६) ईडलिन स्पर्धकांपैकी कोणालाही न निवडता त्यांच्यातील एकासाठी दुभाष्याचे काम करणाऱ्या तरुणाची निवड करते आणि राज्याला घटनात्मक राजेशाहीकडे नेते. प्रतिलोम विवाह या मालिकेत अखेर अवतरतो, पण जाती कायद्याने संपल्यानंतर.

भारतीय वाचकाला हा भाग सर्वांत जवळचा वाटेल. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने १९५० पासून अस्पृश्यता नष्ट झाली आहे. कायद्याने संपलेली गोष्ट व्यवहारात कशी उरते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. १९३६ सालच्या ‘जातिनिर्मूलन’विषयक भाषणात आंबेडकरांनी आंतरजातीय विवाह हा खरा उपाय सांगितला आणि त्याच वेळी शास्त्रांच्या प्रामाण्यावरची श्रद्धा सुटल्याखेरीज असे विवाह सर्रास होणार नाहीत, हेही बजावले. कॅस यांच्या मालिकेत हुकूमनाम्याने निर्माण झालेली जात हुकूमनाम्याने जाते, पण तिची सवय उरते. ज्या जातीला श्रद्धेचे अधिष्ठान आहे, तिच्या बाबतीत ही सवय किती खोल असेल, याचा हिशेब मराठी वाचकाने स्वतः करावयाचा आहे.

तात्पर्य, जातबद्ध समाजातील कल्पितरम्य प्रेमकादंबरी वाचताना तीन प्रश्न जवळ बाळगावेत. शेवटी बदलले ते काय, नायिकेचे स्थान की स्थानांची रचना? प्रेमाखातर खाली उतरण्याची मुभा कथा कोणाला देते आणि त्याची किंमत कोणाकडून वसूल करते? सर्वांत तळाच्या माणसाला कथनात आवाज आहे काय? या प्रश्नांनी आस्वादाची गोडी कमी होत नाही. राजवाड्यातील मेजवानी उपाशी मुलीच्या नजरेने पाहिली गेली म्हणून ती रुचकर झाली होती. वाचकानेही ती नजर पुस्तक मिटल्यानंतर सोडू नये, एवढीच अपेक्षा.